गाळ की जोतं? यिनशूतल्या मातीच्या थरांचं प्रकरण

चीनच्या हनान प्रांतात आन्यांग शहराच्या वायव्येला, ह्वान नदीच्या वळणात शिआओतुन नावाचं गाव आहे. या गावाच्या आणि आसपासच्या शेतांखाली शांग राजांची शेवटची राजधानी पुरलेली आहे. तिचा काळ ढोबळमानानं इ.स.पू. 1300 ते 1046. अवशेषांचा पसारा 30 चौरस किलोमीटरच्या आसपास. याच जागेला यिनशू, म्हणजे 'यिनचे पडके अवशेष' म्हणतात (यिन हे या राजधानीचं नाव) आणि 2006 पासून ती जागतिक वारसा यादीत आहे.

रोम किंवा हंपी डोळ्यांपुढे ठेवून इथे आलेला माणूस गोंधळतो. उभं असं काहीच नाही. दगडी खांब नाहीत, कमानी नाहीत, भाजक्या विटेची एक भिंतही नाही. शांग लोकांनी राजवाडे बांधले ते मातीच्या जोत्यावर, लाकडी खांब आणि मातीच्या भिंती उभ्या करून, वर गवताचं छप्पर घालून. लाकूड कुजलं, गवत गेलं, भिंती विरघळल्या. उरलं ते जोतं, तेही मातीचं आणि आजूबाजूच्या मातीच्याच रंगाचं. त्यामुळे इथे 'राजवाडा सापडला' याचा अर्थ मातीतल्या एका मातीला दुसरीपासून वेगळं ओळखता आलं, इतकाच असतो. पहिल्या तीन हंगामांत ती ओळख पटली नाही. त्या चुकीचं आणि तिच्या दुरुस्तीचं हे प्रकरण.

आधी हाडं, मग जागा

1899 मध्ये बीजिंगमधले विद्वान अधिकारी वांग यीरोंग यांनी औषधी 'ड्रॅगनची हाडं' म्हणून विकल्या जाणाऱ्या तुकड्यांवरची जुनी लिपी ओळखली. हे तुकडे म्हणजे कासवाच्या पोटाकडचं कवच आणि बैलाच्या खांद्याचं हाड. त्यांना आच देऊन पडणाऱ्या भेगांवरून शकुन पाहायचा आणि प्रश्न शेजारी कोरायचा, अशी रीत होती. व्यापारी हाडांचं ठिकाण सांगत नसत. 1908 मध्ये लुओ झेन्यू यांनी ते शिआओतुन असल्याचं शोधून काढलं. 1917 मध्ये वांग ग्वोवेई यांनी हाडांवरची राजांची नावं आणि प्राचीन इतिहासकार सिमा चिएनच्या ग्रंथातली शांग वंशावळ ताडून पाहिली. दोन्ही बहुतांशी जुळल्या. म्हणजे राजे खरे होते. आता प्रश्न राहिला राजधानीचा.

ऑक्टोबर 1928 मध्ये अकादेमिया सिनिका या चीनच्या राष्ट्रीय संशोधन अकादमीच्या इतिहास व भाषाशास्त्र संस्थेतर्फे दोंग झुओबिन यांनी शिआओतुनला पहिलं उत्खनन केलं. 40 छोटे खड्डे, एकूण सुमारे 280 चौरस मीटर, म्हणजे सरासरी एका खड्ड्याला 7 चौरस मीटर. कोरीव तुकडे मिळाले 784. हाडं शोधायला हे पुरेसं होतं, इमारत शोधायला अजिबात नाही. हा फरक तेव्हा कोणाच्या ध्यानात आला नव्हता, कारण इथे इमारत असेल अशी अपेक्षाच नव्हती. 1929 च्या वसंतात ली जी यांनी सूत्रं हाती घेतली आणि थरांची काटेकोर नोंद सुरू झाली. नोंद चांगली झाली, पण नोंदवलेल्या गोष्टीचा अर्थ चुकीचा लावला गेला.

काय दिसलं, काय वाटलं

खड्ड्यांच्या छेदात आडव्या, पातळ, एकसारख्या थरांची माती दिसत होती. थर साधारण हाताच्या पंज्याएवढ्या जाडीचे, एकावर एक रचलेले. थर सुटा केला की खालच्या पृष्ठभागावर लहान लहान गोल खळगे दिसायचे. निष्कर्ष निघाला पुराचा. आडवे थर म्हणजे पाण्यानं आणून टाकलेला गाळ, खळगे म्हणजे लाटांच्या खुणा, आणि कोरीव हाडं पुरात वाहत येऊन इथे साचलेली. एक नाही, अनेक पूर येऊन गेले असावेत असंही थर मोजून मांडलं गेलं. या मताचे पुरस्कर्ते साधे लोक नव्हते. दोंग झुओबिन स्वतः या बाजूचे होते.

हे मत खरं ठरलं असतं तर त्याचे परिणाम गंभीर होते. हाडं वाहून आलेली असतील तर मूळ जागा वरच्या अंगाला कुठेतरी असणार आणि शिआओतुन हे राजधानीचं ठिकाण न राहता नुसता उकिरडा ठरतो. हाडांच्या खोलीवरून काळाचा क्रम लावणंही व्यर्थ होतं, कारण पुरानं सगळं आधीच ढवळलेलं असणार. शिवाय गाळ म्हटला की तो जपायचं कारण उरत नाही. त्या चिंचोळ्या खड्ड्यांत ज्या थरांतून सरळ खाली उतरलं जात होतं, ती राजवाड्याची जोती होती.

चूक इतकी सहज का झाली

पहिलं कारण नदी. ह्वान उत्तरेला आणि पूर्वेला अगदी लागून वाहते. दुसरं कारण पुस्तकी आहे. शांग राजांनी राजधानी अनेकदा हलवली हे प्राचीन ग्रंथांत आहे आणि त्यामागे पूर होते असं मानायची परंपरा जुनी आहे. पूर डोक्यात घेऊन उतरलेल्या माणसाला खड्ड्यात पूर सापडतो. तिसरं कारण माती. उत्तर चीनची लोएस ही वाऱ्यानं आणलेली बारीक, पिवळसर, जवळपास एकजिनसी माती. तीच जमिनीत, तीच भरावात, तीच नदीच्या पोयट्यात. रंगावर विसंबलं की फसगत ठरलेली. मुरूम, काळी माती, पांढरी असे ठळक भेद पाहायची सवय असलेल्या महाराष्ट्रातल्या उत्खननकाराला तर हे सुरुवातीला वेडावून टाकेल.

माझ्या मते सगळ्यांत मोठं कारण मात्र खड्ड्यांचं माप. पुराचा गाळ आणि बांधीव जोतं यांतला निर्णायक फरक थराच्या मध्यात नसतो, कडेला असतो. गाळ पातळ होत होत विरतो. जोतं सरळ रेषेत संपतं. दीड-दोन मीटर रुंदीच्या खड्ड्यात कड लागायची शक्यताच कमी. लागली तरी ती 'कड' म्हणून कळायला दोन्ही बाजूंची माती एकाच वेळी उघडी असावी लागते.

चेंगझियाची भिंत

1930 मध्ये मध्य चीनमधलं युद्ध आणि प्रांतिक पातळीवरचा वाद यांमुळे आन्यांगचं काम थांबलं. पथक शानतोंग प्रांतात चेंगझिया इथे गेलं आणि तिथे, शांगच्याही आधीच्या लोंगशान संस्कृतीच्या वस्तीभोवती, त्यांना धुमसलेल्या मातीचा तट सापडला. उत्तर-दक्षिण सुमारे 450 मीटर, पूर्व-पश्चिम सुमारे 390 मीटर. तटाला दोन बाजू असतात, त्याला आत आणि बाहेर असतं. त्यामुळे तो पुराचा गाळ आहे असं म्हणायला जागाच नव्हती. आणि त्याच्या छेदात दिसत होते तेच आडवे थर, थर सुटा केल्यावर तेच गोल खळगे.

1931 च्या वसंतात चौथ्या हंगामासाठी मंडळी शिआओतुनला परतली तेव्हा नजर बदललेली होती. पुरातत्त्वाचं पद्धतशीर शिक्षण अमेरिकेत घेतलेले ल्यांग सियोंग आता पथकात होते. उत्खननाच्या ब विभागात काम करणाऱ्या ग्वो बाओजुन यांनी तिथले थर पुराचे नसून माणसानं धुमसून घातलेले आहेत असं साधार मांडलं आणि ली जी यांनी पुराचं मत सोडून दिलं. त्याच हंगामात जवळच्या होउगांग इथे ल्यांग यांना सगळ्यांत खाली लोंगशानहून जुनी यांगशाओ संस्कृती, त्यावर लोंगशान, त्यावर शांग असा तीन थरांचा क्रम एकाच जागी मिळाला. पाठ्यपुस्तकांत होउगांगचा क्रम जास्त गाजला. शिआओतुनपुरतं बोलायचं तर धुमसलेली माती ओळखू येणं हीच त्या वर्षाची खरी कमाई.

हानतू: ती कशी घालत आणि कशी ओळखायची

चिनी भाषेत या मातीला 'हानतू' म्हणतात. 'हान' म्हणजे धुमसणं, 'तू' म्हणजे माती. शांग पद्धत साधारण अशी. आधी जागेवरची भुसभुशीत माती आणि जुने खड्डे उपसून कठीण तळापर्यंत चर घ्यायचा. मग सैल माती पसरायची, अंदाजे 15 सेंमी. ती धुमसून 10 सेंमीच्या आसपास बसवायची आणि तिच्यावर पुढचा थर. शांग काळातले थर बहुधा 8 ते 12 सेंमीचे भरतात. मातीत चुना किंवा दुसरं बंधक घालायची रीत तेव्हा नव्हती. सगळा भार ओलाव्यावर आणि ठोक्यांवर. माती कोरडी असेल तर थर नीट बसत नाही, पापुद्र्यांनी सुटतो. फार ओली असेल तर धुमसेला चिकटते आणि ठोका मारल्यावर शेजारून वर फुगते. मुठीत दाबून गोळा व्हावा आणि खाली टाकल्यावर फुटावा, इतकी ओल योग्य.

धुमस मोठ्या बुडाची नव्हती. खळगे 2 ते 5 सेंमी व्यासाचे आणि साधारण 1-2 सेंमी खोल असतात, म्हणजे काठीच्या टोकाएवढे. पुष्कळदा त्यांचे पुंजके सापडतात, त्यावरून काठ्यांची जुडी बांधून एकदम आपटत असावेत. झेंगझोउ इथला शांग तट, ज्याचा घेर जवळपास 7 किलोमीटर आहे, याच पद्धतीचा.

या कामाचा आवाका समजायला एक हिशेब. शिआओतुनच्या मधल्या गटातलं आठव्या क्रमांकाचं जोतं सुमारे 85 मीटर लांब आणि 14.5 मीटर रुंद आहे, म्हणजे 1232 चौरस मीटर. खळगा 4 सेंमीचा धरला तर एक चौरस मीटर एकदा झाकायला 625 ठोके लागतात आणि एका थराला सुमारे 7 लाख 70 हजार. जोत्याची जाडी 1 मीटर मानली, म्हणजे दहा थर, तर एका काठीनं 77 लाख ठोके. जुडी वापरली तर चार-पाच पटींनी कमी. हा निव्वळ अंदाज आहे, पण 'लाटांच्या खुणा' म्हणून ज्यांची नोंद झाली होती त्या खळग्यांमागे किती हात राबले याची कल्पना त्यातून येते.

आता ओळखीच्या खुणा. पाण्यानं आणलेला गाळ चाळल्यासारखा असतो. प्रत्येक पुराच्या थरात खाली जाड कण, वर बारीक, शेवटी चिकणमातीची साय. हानतूत अशी प्रतवारी नसते. थराच्या तळाशी जी माती, तीच माथ्याशी, आणि तिच्यात खापराच्या ठिकऱ्या, कोळशाचे कण, दोन-तीन छटांच्या मातीची ढेकळं हवी तशी पडलेली. गाळात सपाट ठिकऱ्या आडव्या पडतात. भरावात त्या उभ्या, तिरप्या, कशाही रुतलेल्या असतात. गाळाचा थर जमिनीच्या उतारानुसार जाड-पातळ होतो. हानतूचा थर जोत्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळपास तेवढाच राहतो. खळग्यांचंही तसंच. पाण्यानं उठलेल्या लहरी लांबट, एका दिशेला झुकलेल्या असतात. धुमसेचे ठसे गोल, एका मापाचे आणि एकमेकांवर चढलेले.

छेद घासून साफ करताना खुरपं उभं ओढू नये. उभ्या ओरखड्यानं थरांच्या रेषा पुसल्या जातात. आडवं, हलक्या हातानं तासावं, किंचित पाणी फवारून जरा सुकू द्यावं. थरांच्या सांध्यात माती कमी दाबलेली असते, ती ओल वेगळ्या वेगानं सोडते आणि रेषा आपोआप उमटतात. खळगे छेदात दिसत नाहीत. त्यासाठी थर आडवा उचलावा लागतो: सांध्यात पातळ पातं सरकवून वरचा थर वडीसारखा सुटा करायचा. नीट धुमसलेली माती अशी सुटते. गाळ सुटत नाही, तुटतो. आपल्याकडे पांढऱ्या मातीची गढी पावसाळ्यात ढासळताना पाहिली असेल तर थरावर थर सुटून येणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

जोत्याच्या माथ्यावर तळखडे, म्हणजे खांबाखालचे दगड, असतात. शिआओतुनला त्यासाठी नदीतले धोंडे वापरले आहेत. काही ठिकाणी खांबाखाली काशाच्या चकत्याही मिळाल्या. तळखडे एका रेषेत, ठराविक अंतरावर लागले की मग वादाला जागा राहत नाही. पण वरचा भाग नांगरानं किंवा नंतरच्या खड्ड्यांनी खाल्लेला असेल तर तळखडे नाहीसे झालेले असतात आणि निकाल पुन्हा मातीवरच येतो.

वाचन बदलल्यावर

1937 मध्ये जपानी आक्रमणामुळे काम थांबेपर्यंत एकूण पंधरा हंगाम झाले. पथकातले शी झांगरू यांनी राजवाड्याच्या भागातल्या जोत्यांचा जो आराखडा लावला त्यात 53 जोती आहेत: उत्तरेच्या गटात 15, मधल्यात 21, दक्षिणेच्यात 17. ज्या जमिनीला आधी गाळ म्हटलं होतं तिथे हे सगळं निघालं. मधल्या गटाखाली 31 नाल्यांचं जाळंही मिळालं.

जोती ओळखू आल्यावर जोत्यांच्या संदर्भात बाकी गोष्टींना जागा मिळाली. जोत्याखाली आणि जोत्यात पुरलेली माणसं, कुत्री आणि इतर जनावरं आता वाहून आलेली प्रेतं राहिली नाहीत. शी झांगरू यांनी सातव्या जोत्याच्या आधारे बांधकामाच्या चार टप्प्यांवर बळी दिल्याचं मांडलं: पाया घालताना, तळखडे बसवताना, दारं लावताना आणि वास्तू पुरी झाल्यावर. दारासमोरच्या रांगांमधली सगळी दफनं एकाच वास्तूशी जोडावीत का, यावर पुढे मतभेद झाले आणि ते रास्त आहेत. पण हा वाद व्हायलाही आधी वास्तू असावी लागते.

खोदायची रीतही बदलली. चरांऐवजी मोठं क्षेत्र एकदम उघडायचं, थरानुसार खाली जायचं आणि जोत्याच्या कडा पूर्ण लागेपर्यंत त्याला छेदायचं नाही. 1936 च्या तेराव्या हंगामात ही पद्धत सरसकट वापरली आणि त्याच हंगामाच्या शेवटी, 12 जूनला, 127 क्रमांकाचा खड्डा लागला.

हा खड्डा पुराच्या मताच्या शवपेटीवरचा शेवटचा खिळा म्हणता येईल, पण खरं तर तोवर ते मत केव्हाच मागे पडलं होतं. गोल, स्वच्छ कडांचा खड्डा, आणि आत कवचांचा गच्च थर: एकूण 17,096 तुकडे, त्यांतले 17,088 कासवाच्या कवचाचे आणि फक्त 8 हाडांचे. तीनशेच्या वर कवचं अखंड. बहुतेक सगळी वू दिंग या एकाच राजाच्या काळातली. आणि त्यांच्यात एक मानवी सांगाडा. वाहत्या पाण्याला कासव आणि बैल यांत अशी निवड करता येत नाही, राजाचा काळ पाहून तर मुळीच नाही. कोणीतरी हे मुद्दाम, एका वेळी पुरलेलं होतं.

जागेवर एकेक कवच सुटं करणं अशक्य दिसल्यावर खड्ड्याभोवतीची माती उतरवली, आतला गठ्ठा मातीसकट लाकडी पेटीत बंदिस्त केला आणि काही टनांची ती पेटी रेल्वेनं नानजिंगला नेली. तिथे छपराखाली, महिनोन्‌महिने, ती थराथरानं उकलली. उघड्यावर जून महिन्यात हे केलं असतं तर वाळत जाणारी कवचं हातात पिठासारखी आली असती.

फू हाओ: नको तितकी खोल धुमस

हानतू म्हणजे जोतं, हे समीकरण एकदा पक्कं झालं की ते स्वतःच नवी चूक बनू शकतं. शांग लोक थडगीही धुमसून बुजवत. वरून पाहिलं तर दोन्ही सारखंच.

इथे लुओयांग फावडं कामी येतं. लांब दांड्याला अर्ध्या नळीसारखं पातं बसवलेलं हे हत्यार मूळचं लुओयांगकडच्या थडगी लुटणाऱ्यांचं. सरळ खाली आपटायचं, थोडं फिरवायचं, वर ओढायचं. पात्याच्या पोटात मातीची कांडी अखंड येते. ती क्रमानं जमिनीवर मांडत गेलं की खड्डा न घेता खालच्या थरांचा नकाशा हाती लागतो. चिनी कामगारांची त्यासाठी स्वतःची परिभाषा आहे: माणसाचा हात न लागलेली 'कच्ची माती', वस्तीची 'पिकलेली माती', आणि उकरून परत भरल्यामुळे रंग मिसळलेली 'ह्वातू', म्हणजे फुलाफुलांची माती. हानतूत फावडं नीट शिरत नाही, हाताला दणका बसतो, आणि कांडी थरांच्या सांध्यांवर तुटते.

1975-76 मध्ये शिआओतुनच्या वायव्येची एक उंचवट्याची जागा शेतीसाठी सपाट केली जाणार होती. झेंग झेनश्यांग यांच्या पथकाला तिथे घराचं जोतं लागलं. बोअर घेताना हानतू लागली, यात नवल नव्हतं. नवल हे की ती संपेना. घराच्या जोत्याला इतकी खोल धुमस कोणी घालत नाही. पाच-सहा मीटरवर भूजल लागलं, माती चिखल होऊन निसटू लागली आणि तळ आला असं समजून थांबायची वेळ आली. पण कांडीत कच्ची माती आलेली नव्हती, म्हणून झेंग यांनी आणखी खाली जायला लावलं. आठ मीटरच्या आसपास फावड्याला लाल लाखेचे पापुद्रे आणि त्यांत जेडचा एक लहान अलंकार आला.

खाली राजा वू दिंगची राणी फू हाओ हिचं थडगं होतं. तोंड 5.6 बाय 4 मीटर, खोली 7.5 मीटर, उतरता मार्ग नाही. वस्तू निघाल्या 1928 (पहिल्या उत्खननाचंही हेच साल, निव्वळ योगायोग): काशाच्या 468, जेडच्या 755, हाडाच्या 564, शिवाय हजारो कवड्या. किमान 16 माणसं आणि 6 कुत्री बळी दिलेली. नदीपलीकडची राजांची अवाढव्य थडगी प्राचीन काळापासून पुन्हा पुन्हा लुटली गेली. हे मात्र अस्पर्श राहिलं. आकारानं बेताचं आणि वर घराचं जोतं, यानं ते वाचलं असावं. लुटारू तेच फावडं वापरत. हानतू लागली, जोतं असेल म्हणून पुढे गेले असणं अगदी शक्य आहे.

कामाच्या दृष्टीनं नियम एवढाच: बोअर हानतूत थांबवायचा नाही, कच्च्या मातीतच थांबवायचा. एका बोअरवर विसंबायचं नाही. पाचाच्या फाशासारखे चार कोपऱ्यांना आणि एक मध्ये असे घ्यायचे आणि हानतूचा तळ प्रत्येकात किती खोल आहे ते लिहायचं. जोत्याचा तळ थोड्याफार फरकानं सपाट येतो. मध्येच एका आयताकृती तुकड्यात तो अचानक खाली गेला, तर खाली थडगं आहे.

नदीपलीकडे

शिआओतुनच्या राजवाड्याभोवती तट अजून सापडलेला नाही. पश्चिमेला आणि दक्षिणेला एक मोठा खंदक आहे, सुमारे 1100 आणि 650 मीटर लांबीचा, जो नदीला मिळून परिसर बंद करतो. तट नसलेली राजधानी हे कोडं बरीच वर्षं घोळत राहिलं.

1999 मध्ये ह्वानच्या उत्तर तीरावर तट मिळाला, पण तो या राजधानीचा नव्हता. ह्वानबेइ हे शहर शिआओतुनच्या वैभवाच्या जरा आधीचं, मध्य शांग काळातलं. सुमारे 2200 बाय 2150 मीटरचा जवळपास चौरस, उत्तरेपासून थोडा पूर्वेकडे कललेला. इतकं मोठं शहर सत्तर वर्षं उत्खननकारांच्या शेजारी दडून राहिलं, कारण ते जमिनीखाली सुमारे 2.5 मीटरवर आहे. वर नंतर साचलेला नदीकाठचा मातीचा थर आहे. म्हणजे शिआओतुनला नसलेला गाळ इथे खरोखरच होता. साधा बोअर त्या स्वच्छ, खापर नसलेल्या मातीत दोन मीटर गेला की तळ लागल्यासारखा वाटतो. नदीखोऱ्याच्या भूरचनेचा अभ्यास सोबत केल्यावर ही माती 'कच्ची' नसून नंतरची आहे हे कळलं आणि बोअर आणखी खाली नेले गेले.

तटाचा सापडलेला भाग मुख्यतः पायाचा चर आहे, धुमसून भरलेला. काही ठिकाणी त्यावर भिंत पुरी उठलीच नसावी असं दिसतं. आत 2001 पासून उघडलेलं पहिल्या क्रमांकाचं जोतं पूर्व-पश्चिम 173 मीटर आहे आणि उत्तर-दक्षिण 90 मीटरच्या घरात: मध्ये अंगण, उत्तरेला मुख्य वास्तू, दक्षिणेला दरवाजा. भिंतींचे आगीत भाजून लाल झालेले तुकडे जोत्यावर पडलेले होते. हे शहर पान गेंग राजानं वसवलेलं पहिलं यिन, की त्याच्या आधीच्या 'हे दान ज्या' नावाच्या राजाची राजधानी, यावर अभ्यासकांची दोन मतं आहेत.

उघडं केलेलं हानतू जोतं फार दिवस उघडं ठेवता येत नाही. ऊन लागलं की सांध्यांवर तडे जातात, पाऊस तड्यांत शिरतो, हिवाळ्यात पाणी गोठून थर उचलले जातात. म्हणून नोंदी, छायाचित्रं आणि मोजमापं झाली की जोतं पुन्हा मातीखाली झाकतात. शिआओतुनच्या राजवाडा परिसरात दिसणारे मातीचे उंच चौथरे आणि त्यांवरचे खांब हे मूळ अवशेष नव्हेत. खालच्या जोत्याची जागा आणि आकार दाखवायला वर केलेली मांडणी आहे. ह्वानबेइला तेवढंही नाही. तिथे वर सपाट शेतं आणि आन्यांगच्या जुन्या विमानतळाचा परिसर आहे, आणि तट त्याच्याखाली 2.5 मीटरवर.